फुलदाणीला कळवायचं राहिलं

"अरे सरका, सरका! मागच्यांनी काय तुमची टाळकी बघायची?"

रंधा स्टुलावर उभा राहून दोन्ही हातांनी खुर्च्या हाकत होता. टीव्ही त्यानं स्वतःच्या घरून उचलून आणला होता, तो ठेवायची फळी सकाळीच येऊन त्यानं भिंतीत ठोकली होती, आणि आता आतला कार्यक्रमही आपल्याच मालकीचा असल्यासारखा तो मिरवत होता. एवढ्यात स्टूल डुगडुगलं. त्यानं घाईघाईनं टीव्हीलाच मिठी मारली आणि सगळी खोली हसून लोटपोट झाली.

ही खोली बहिऱ्यांच्या मंडळाची. खाली लाँड्री, वर ही लांबलचक खोली, तिला लागून एक चहाचा कोपरा आणि बेसिन. इथे तोंडानं कोणी बोलत नाही. तेव्हा या गोष्टीत कोणी काही 'म्हणालं' की ते हातांनी म्हणालं असं समजायचं, आणि कोणी ओरडलं तर हात जरा मोठे झाले, एवढंच. इथली नावंही हातांचीच. आईबापांनी ठेवलेलं नाव राहतं कागदावर. मंडळात आलात की चार लोक तुम्हाला नीट निरखून घेतात आणि एक खूण देतात, ती जन्मभराची. सुतारकाम करणाऱ्याला लाकडावर रंधा मारल्याची खूण मिळाली, म्हणून तो रंधा. मंडळाचे अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यात भिंग अडकवून अडकवून त्यांची एक भुवई कायमची वर गेली होती, म्हणून ते भुवई. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी केस केव्हाच कापून टाकलेत, तरी त्या वेणीच.

तर आज रंध्याच्या अंगात आलं होतं. का येणार नाही? आज 'सिनेमाची साल' लागणार होतं, तेही प्रेक्षकांचे सर्वांत लाडके तीन भाग, लागोपाठ. आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदाच खाली अक्षरं येणार होती! जे बोललं जाईल ते सगळं लिहून.

कार्यक्रम तसा साधा. एक भिकार सिनेमा निवडायचा, म्हणजे इतका भिकार की काढणाऱ्यालाही तो आपला म्हणायची लाज वाटावी, आणि तो चालू असताना तीन विनोदी नटांनी त्याची पार चिरफाड करायची. हे तिघं पडद्यावर कधी दिसत नाहीत. नुसते आवाज येतात. एक जाडा आवाज, एक लुकडा आवाज आणि एक बाई. अख्खं शहर त्यांच्यापायी वेडं झालं होतं. पण आता तुम्हीच सांगा, बहिऱ्या माणसाच्या घरात यातलं काय पोचणार? भिकार सिनेमा तेवढा पोचणार! मंडळातल्या बहुतेकांनी कधी ना कधी तो कार्यक्रम लावला होता आणि 'लोक हे आवडीनं बघतात?' असं म्हणून बंद केला होता.

रंध्याचं मात्र नशीब थोर. त्याच्या घरात ताई होती.

ताई त्याची मोठी बहीण. दोघंही बिनलग्नाची राहिली, एकाच घरात. ताई मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर होती, आत्ता कुठे निवृत्त झाली. दिवसभर कानाला यंत्र लावून याचा निरोप त्याला आणि त्याचा निरोप याला, जसाच्या तसा द्यायचा. त्यात स्वतःचं एक अक्षर घालायची सोय नाही. आणि घरी आली की पुन्हा तेच काम, फक्त हातांनी. दुकानदार असो, बँकेतला साहेब असो, बातम्यांतला पुढारी असो, ऐकू येणारं सगळं जग रंध्याशी बोललं ते ताईच्या हातांनीच.

'सिनेमाची साल' लागलं की ती टीव्हीच्या शेजारी उभी राहायची. जाड्या आवाजासाठी गाल फुगवायची, लुकड्यासाठी खांदे कानांपर्यंत न्यायची, बाईसाठी मान एका बाजूला टाकायची, आणि मग हात सुटायचे. रंधा खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसायचा. दुसऱ्या दिवशी मंडळात आला की तेच सगळं इथे करून दाखवायचा. रबराच्या ऑक्टोपसचा भाग तर त्यानं इतक्या वेळा करून दाखवला होता, की तो न पाहिलेल्यांनाही पाठ होता. ऑक्टोपस नायकाला तीन हातांनी आवळतो आणि बाकीचे पाच नुसते लोंबत असतात. त्यावर जाडा म्हणतो, "तीन कामावर, पाच रजेवर!" आणि नायक स्वतःच तो रबरी हात स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळून घेतो, तेव्हा लुकडा म्हणतो, "अरे, सोडू नकोस मला, सिनेमा संपेल!" मंडळात कोणी कामाला दांडी मारली की आजही 'ऑक्टोपसचा पाचवा हात' म्हणतात.

भुवईंना मात्र हे कधीच पटलं नव्हतं.

"थापा आहेत सगळ्या," ते म्हणायचे. "मी पाहिलाय तो कार्यक्रम. रबराचा ऑक्टोपस आहे आणि तो मठ्ठ आहे. एवढंच आहे त्यात. बाकीचं हा घरून बनवून आणतो."

"मी?" रंधा उसळायचा. "मला सुचतं असलं काही? मला कोणी चहा घेणार का विचारलं तर उत्तर सुचायला वेळ लागतो!"

हे तर सगळ्यांनाच मान्य होतं. पण भुवई हट्टाला पेटलेले. शेवटी पैज लागली. अक्षरांमध्ये ते विनोद निघाले तर वर्षभर मंडळाच्या कपबशा भुवईंनी विसळायच्या, नाही निघाले तर रंध्यानं. अध्यक्षांना बेसिनपाशी उभं केलेलं बघायला मिळणार म्हणून आज ही गर्दी लोटली होती.

एक ताई तेवढी आठवडाभर विचित्र वागत होती. "अक्षरं बरोबरच असतात असं नाही हं," असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं. मग "जिन्यावरून नेताना टीव्ही फुटेल" म्हणाली. मग आज सकाळी डोकं दुखायला लागलं.

"ते काही नाही," रंधा म्हणाला होता. "एवढी वर्षं उभं राहून राबलीस. आज बसून बघायचं. आज अक्षरं राबतील."

म्हणून ताई आली होती. ती मंडळात पहिल्यांदाच येत होती. सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून ती बसली होती. डॉक्टरनं आत बोलवायची वाट बघत असावी, तशी.

कार्यक्रम सुरू झाला. काळं बंदर, काळं पाणी, दोरीनं ओढलेली बोट. आणि खाली, अहाहा, पांढरी स्वच्छ अक्षरं! रंध्याचा ऊर भरून आला. त्यानं शेजारच्या वेणीबाईंचा दंडच पकडला.

जाडा: हा ऑक्टोपस ओरडतोय, की वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवतंय?

सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांनी रंध्याकडे पाहिलं.

"सुरुवात आहे," रंधा म्हणाला. "गाडी तापायची आहे अजून."

बाई: त्या व्हायोलिनवाल्याला कोणीतरी घोटभर पाणी द्या.

"व्हायोलिन कुठंय?" वेणीबाई पडद्याजवळ डोळे नेत म्हणाल्या. "मला तर दिसत नाहीये."

"दिसत नाही ते. ऐकू येतं."

"मग आम्हाला कशाला सांगतायत?"

लुकडा: नायिकेची किंकाळी येऊन पोचली, तोंड मागच्या गाडीनं येतंय.

हे निम्म्या लोकांना कळलं नाही आणि ज्यांना कळलं त्यांना हसू आलं नाही. रंध्याला घाम फुटला. पण ऑक्टोपस अजून यायचा होता. आणि आला! पाण्यातून लदलदत वर आला, नायकाच्या अंगावर पडला. रंधा ताडकन उभा राहिला. "आता! आता बघा! कोणी पापणी हलवायची नाही!" नायकानं रबरी हात उचलला, स्वतःच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. पाच हात लोंबत होते. खोलीतले सगळे डोळे अक्षरांच्या जागेवर.

लुकडा: ब्लब ब्लब ब्लब.

भुवई शांतपणे उठले. त्यांची दुसरी भुवईसुद्धा वर गेली होती. त्यांनी एकेक अक्षर बोटांवर मांडून दाखवलं. "ब्ल-ब. ब्ल-ब. वा! काय बुद्धी आहे! रंधा, साबण तिकडे वरच्या फळीवर असतो."

लोक हसले, आणि ते हसणं रंध्याला चांगलंच झोंबलं. आजवर याच लोकांना तो हसवत होता. आज ते त्यालाच हसत होते. "वेगळा भाग असेल हा," तो म्हणाला. "याच सिनेमाचे दोन भाग केले असतील." त्याचं त्यालाही हे पटलं नाही.

दुसरा भाग लागला. अंतराळयान. कप्तान ज्या यंत्रापुढे बसतो ती उघडउघड स्वयंपाकाची शेगडी, रुपेरी रंग दिलेली. तो घाबरून बटणं फिरवतो, पृथ्वी वाचते, आणि बाई म्हणते, "दूध उतू जाता जाता राहिलं." रंध्याचा हा सगळ्यांत लाडका विनोद. तो प्रसंग आला. अक्षरं म्हणाली:

बाई: हे इंजिन आहे की जेवण न मिळालेलं पोट?

"पुन्हा आवाज!" भुवई म्हणाले. "आवाज, आवाज, आवाज! अहो, या लोकांना डोळे दिलेले नाहीत का? समोर शेगडी आहे! ढळढळीत शेगडी! त्यावर एक शब्द नाही!"

आणि रंध्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

खरंच की. टीव्हीतले तिघं सगळं कानांनी बोलत होते. किंकाळी, व्हायोलिन, इंजिन, कोणाचा घोगरा आवाज, कोणाचा नाकातला. आणि त्याचे लाडके विनोद? लोंबणारे हात, शेगडी, उलटा घातलेला कोट, नायिकेची प्रत्येक दाराबरोबर बदलणारी चप्पल. ते सगळे डोळ्यांचे विनोद होते. ऐकू येणाऱ्यांना असलं काही दिसलंच नव्हतं. मग ते पाहिलं कोणी?

त्यानं मागे वळून बघितलं. ताई पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधत होती. इतका वेळ शोधण्याएवढं त्या पर्समध्ये काही नव्हतं, हे तो पक्कं ओळखून होता.

जाहिराती लागताच तो खुर्च्यांतून वाट काढत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तीन कामावर, पाच रजेवर. हे कोण म्हणालं?"

ताईनं पर्सची चेन लावून घेतली.

"जाड्या म्हणाला?"

"नाही."

"लुकड्या?"

"नाही रे."

"मग कोण?"

ताईनं पर्सच्या आडून, कोणाला दिसणार नाही असा अंगठा स्वतःच्या छातीला लावला.

"आणि दूध?"

"तेही."

"दूधसुद्धा तूच?"

"अरे मग काय करू?" ताईचे हात एकदम मोकळे सुटले. "तिघं तिघं एकदम बोलतात! मला हात दोनच! आणि बोलतात ते हे असलं, बघतोयस ना? पहिल्या दिवशी मी तुला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. व्हायोलिन रडकं वाजतंय म्हणून. तू विचारलंस, रडकं वाजतं म्हणजे कसं? मला सांगता येईना. तुझं तोंड एवढंसं झालं. मग पुढच्या वेळी म्हटलं, खड्ड्यात गेलं व्हायोलिन. पडद्याकडे बघितलं, जे दिसलं त्यावर ठोकून दिलं काहीतरी. तू खुर्चीवरून पडलास. मला इतकं बरं वाटलं! दिवसभर लोकांचे निरोप पोचवून पोचवून मी नुसती तार झाले होते रे. तेवढं एकच माझं स्वतःचं होतं."

"एवढी वर्षं!"

"हो, एवढी वर्षं."

"आणि मी गाढवासारखा इथे येऊन शपथेवर सांगत होतो!"

"रागावलास?"

रंध्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. राग होता, नाही असं नाही. कान आणि मान तापली होती. पण त्याच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते थोपवता येण्यासारखं नव्हतं. शहरातला सगळ्यांत विनोदी माणूस आपल्या स्वयंपाकघरात उभा राहत होता आणि आपण टीव्हीची स्तुती करत होतो! त्यानं ताईला दंडाला धरून उठवलं.

"काय करतोस? सोड! रंध्या, सोड म्हणते ना!"

त्यानं सोडलं नाही. दिव्याचं बटण दोन-तीनदा खालीवर केलं, तशी सगळी खोली त्याच्याकडे वळली.

"इकडे बघा! भुवई, तुम्ही जिंकलात. कपबशा माझ्या. पण मी थापा मारल्या नाहीत. विनोद आहेत! फक्त टीव्हीतल्या लोकांचे नाहीत. हिचे आहेत. माझ्या ताईचे."

खोलीनं ताईला आपादमस्तक न्याहाळलं. राखाडी स्वेटर, जाड भिंगांचा चष्मा, पर्स. कोणाचाच विश्वास बसेना.

"करून दाखवा म्हणावं," भुवई म्हणाले.

"मला नाही जमणार," ताई म्हणाली. "लोकांसमोर मी कधी..."

"लोक कुठे आहेत इथे?" वेणीबाई म्हणाल्या. "आम्हीच तर आहोत."

तिसरा भाग सुरू झाला होता. भुवईंनी वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडली आणि टीव्हीच्या खालच्या कडेवर चिकटवून अक्षरं झाकून टाकली. मग हात मागे बांधून, परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखे ते पहिल्या रांगेत बसले.

हा सिनेमा भूकंपाचा. मोठा दिवाणखाना, पाहुणे जमलेत, आणि धरणी हादरते. म्हणजे कॅमेरा हलतो आणि नटमंडळी झोकांड्या खातात. ताई टीव्हीशेजारी नुसती खांबासारखी उभी होती. हात खाली. उगाच ओढलं हिला, रंध्याला वाटलं. आता भर सभेत हिची फजिती होणार, आणि ती माझ्यामुळे.

मग ताईनं एकदा पडद्याकडे पाहिलं. तिची मान जराशी तिरकी झाली. तिनं गाल फुगवले.

"दोघं डावीकडे पडतायत, तिघं उजवीकडे," गाल फुगवलेली ताई म्हणाली. "भूकंपाला घर नीट सापडत नाहीये."

वेणीबाई फिस्सकन हसल्या. ताईचे खांदे कानांपर्यंत गेले.

"आणि ती टेबलावरची फुलदाणी बघा. अख्खं घर हललं, ती ढिम्म. तिला कळवायचंच राहिलं."

पडद्यावर खरोखरच फुलदाणी ढिम्म उभी होती. ती कोणालाच दिसली नव्हती, आणि आता दुसरं काही दिसेना! खोली फुटली. ताईनं मान टाकली, बाई झाली. "हॅलो, फुलदाणी? इस्पितळातून बोलतेय. तुमच्याकडे भूकंप झालाय. हो, हो, मघाशीच. आता पडलात तरी चालेल." आणि काय सांगावं, नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरची फुलदाणी कोणीतरी दोरीनं ओढली आणि ती धाडकन खाली आली!

मग काही धरबंधच राहिला नाही. एक जण खुर्चीसकट उलटा झाला. वेणीबाई पदरानं... छे, पदर कुठला, शेजाऱ्याच्या बाहीनंच डोळे पुसत होत्या. ताईच्या हातांना पंख फुटले होते. छताचा तुकडा पडला तो पुठ्ठ्याचा होता, नायकानं तो एका हातानं झेलला, त्यावर; मेलेला म्हातारा डोळे किलकिले करून बघतो, त्यावर; नायिकेच्या केसांची एक बट हलत नाही, त्यावर. रंधा या वेळी ताईकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होता. अभिमानानं त्याला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. सिनेमा संपला तेव्हा सगळ्यांनी दोन्ही हात वर उचलून हलवले, ती इथली टाळी. कितीतरी वेळ ते हात खाली आले नाहीत.

भुवई उठून ताईपुढे आले. त्यांनी तिला बराच वेळ निरखलं. मग स्वतःचा गाल फुगवला आणि त्यावर बोटानं हलकेच टिचकी मारली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, माना डोलावल्या, आणि सगळ्यांनी आपापला गाल फुगवून तीच टिचकी मारली. ताईला काही उमगेना.

"तुझं नाव," रंधा म्हणाला. "नाव मिळालं तुला."

ताई चष्मा काढून पुसत बसली.

लोक पांगायला संध्याकाळ झाली. पैज ती पैज, म्हणून रंधा बेसिनपाशी उभा राहिला. तो विसळून द्यायचा, ताई पुसून ठेवायची. दोघांच्याही अंगातला उत्साह अजून उतरला नव्हता. मध्येच एखादा कप खाली ठेवून कोणीतरी काहीतरी म्हणायचं आणि दोघं पुन्हा हसायची.

"आणखी काय काय मनाचं सांगितलंयस मला?" रंध्यानं विचारलं.

"मनाचं असं काही... हां, बँकेतल्या साहेबाला तू गाढव म्हणाला होतास. मी त्याला सांगितलं, हे म्हणतायत, जरा पुन्हा बघता का."

"म्हणून काम झालं होय!"

"आणि खालच्या मजल्यावरच्या बाई. त्या तुझ्या करवतीच्या आवाजावरून रोज शिव्या घालायच्या. मी म्हणायचे, त्या विचारतायत तब्येत कशी आहे."

"मी तिला चार वर्षं हसून नमस्कार केला, ताई!"

"म्हणून तर शेवटी गप्प झाल्या त्या."

रंधा हसला. हसता हसता त्याचे हात पाण्यात तसेच राहिले. एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. एवढा वेळ तो आनंदात होता म्हणून सुचला नव्हता, एवढंच. ताईच्या हातांवर विसंबून त्यानं काय काय खरं मानलं होतं! साहेब गेला, शेजारीण गेली, त्याचं काही नाही. पण एक गोष्ट होती.

"बाबांचं काय?" त्यानं विचारलं.

ताईच्या हातातला कप थांबला.

बाबा सुतारच. त्यांनीच रंध्याला काम शिकवलं, पण हाताला धरून, कानाला धरून. खुणा ते कधी शिकले नाहीत आणि चांगलं झालंय असं कधी चेहऱ्यावरही दिसू दिलं नाही. शेवटच्या दुपारी इस्पितळात ते काहीतरी पुटपुटले. ताई वाकली, तिनं ऐकलं आणि वळून रंध्याला सांगितलं, "म्हणतायत, कपाटाचं दार घासतंय, ते बघ." तो पुढचं सांगायची वाट बघत तिच्या हातांकडे पाहत राहिला. पुढचं काही नव्हतं. बाबा त्यानंतर बोललेच नाहीत. मंडळात कोणी आपल्या वडिलांचे शेवटचे शब्द सांगायला लागलं, की रंधा काहीतरी निमित्त काढून उठून जायचा. त्याच्या वाट्याला काय आलं होतं, तर कपाटाचं दार!

"खरं सांग," तो म्हणाला. ओल्या हातांचं पाणी ताईच्या स्वेटरवर उडालं. "काहीतरी वाईट बोलले असतील. माझ्याबद्दल. आणि तू ते झाकून हे दाराचं सांगितलंस. तुला सुचतं. चटकन सुचतं तुला."

ताईनं कप ठेवला, फडकं ठेवलं.

"कपाटाचं दार घासतंय, त्याला सांग," ती म्हणाली. "एवढंच म्हणाले. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही."

"दुसरं काही नाही?"

"नाही. आणि तुला म्हणून सांगते, तेव्हा मला सुचत होतं. उभ्या उभ्या चार-पाच वाक्यं सुचली होती. एकाहून एक छान. तू रडला असतास इतकी छान. आणि तू माझ्या हातांकडे असा बघत होतास, की सांगून टाकावंसं फार वाटलं."

"मग का नाही सांगितलंस?"

"ते सिनेमातलं नव्हतं रे. ते तुझं होतं. बाबांनी तुला पाठवलेलं. दुसऱ्याच्या निरोपाला मी कसा हात लावू?"

इतकी वर्षं त्याला ते दार थोडकं वाटत आलं होतं. आज ते बाबांच्या तोंडून निघालेलं, जसंच्या तसं, त्याच्यापुढे होतं. बाबांना काम सांगायचं होतं आणि ते त्याला सांगायचं होतं. ताईला नाही, दुसऱ्या कोणा सुताराला नाही.

"आणि दुसरं एक," ताई म्हणाली. "ते बोलले आणि मग तुझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, तू पाहिलंस."

"मी तुझ्या हातांकडे बघत होतो."

"हो. ते आत्ता लक्षात येतंय माझ्या."

नळाचं पाणी वाहत होतं. रंध्यानं तोंड फिरवलं आणि मग पुन्हा ताईकडे वळवलं.

"कसे बघत होते?" त्यानं विचारलं.

ताईनं चष्मा काढला. खांदे जरा खाली सोडले, ओठ मिटले, हनुवटी किंचित वर उचलली. कोणाचंही सोंग हुबेहूब आणणारी ती, पण आता तिनं कसलंच सोंग आणलं नाही. जे पाहिलं होतं तेवढंच चेहऱ्यावर येऊ दिलं, आणि तशीच त्याच्याकडे बघत राहिली.

रंध्यानं नळ बंद केला, हात पुसले आणि नीट बघितलं.